उजवी बाजू

पुसकरनं बाटलीचा चाप ओढला आणि पांढऱ्या बॉनेटवर पाण्यासारखा दिसणारा फवारा या टोकापासून त्या टोकापर्यंत मारत नेला. मग छत, मग दारं. सगळी गाडी ओली झाली तसा तो दोन पावलं मागे सरला आणि वाट पाहत उभा राहिला. आधी काहीच झालं नाही. मग जिथं जिथं बारीक नारिंगी ठिपका होता, तिथं तिथं एकेक जांभळा थेंब उमटला. थेंब फुगले आणि ओघळ होऊन खाली धावायला लागले.

"अगं बाई!" चष्मेवाल्या ताई म्हणाल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. "शाई सांडल्यासारखं झालं की हो. आणि वास कसला हा?"

"औषधाचा. नासक्या अंड्यासारखा येतो. रंगात रुतलेलं लोखंड विरघळवतं ते. जिथं लोखंड, तिथं जांभळं. बाकी रंगाला काही करत नाही."

"म्हणजे हे सगळं लोखंड?"

"सगळं."

एवढं बोलून पुसकर पाण्याचा पाइप उचलायला वाकला. पाइप समोरच पडला होता, तरी तो उचलायला त्याला जरा वेळ लागला.

त्याचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण दिवसभर याच्या-त्याच्या गाड्या पुसत असतो म्हणून कोणीतरी गमतीनं पुसकर म्हटलं, आणि ते असं चिकटलं की आता बँकेतले लोकही पटकन तेच नाव घेत. ओघानं त्याची बायको पुसकरीण झाली. दोघं मिळून दुकान चालवत. पत्र्याच्या उंच छपराखाली एका वेळी तीन-चार गाड्या मावत. बाहेरचा रंग त्याच्याकडे, आतल्या गाद्या, काचा, पायपुसणी तिच्याकडे. गाडी आत येताना कशीही असो, बाहेर जाताना मालकानं तिच्याकडे नव्या नवरीसारखं बघितलं पाहिजे, असं पुसकर म्हणायचा. नव्या नवरीकडे किती दिवस बघतात ते मला माहीत आहे, असं पुसकरीण म्हणायची.

आत्ता ती दारं बंद ठेवून, मागच्या डिकीत गुडघे टेकून, डोकं आत आणि पाय बाहेर अशा अवस्थेत व्हॅक्यूम फिरवत होती.

पुसकरनं पाणी सोडलं. औषध वाळू द्यायचं नसतं, म्हणून तो छतापासून खाली धुवत आला. डाव्या दारांवर ओघळ होते, पण विरळ. कुठं चार, कुठं दोन. मग तो गाडीला वळसा घालून उजवीकडे आला, आणि जे बघायची त्याची इच्छा नव्हती ते त्याला दिसलं. उजव्या दोन्ही दारांवर ओघळ असे मोजण्यासारखे नव्हतेच. खिडकीच्या कडेपासून खालपर्यंत जांभळा पडदा सोडल्यासारखं झालं होतं. मागच्या चाकाच्या वर तर पांढरा रंग दिसतच नव्हता.

त्याला ते आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि समोर येऊन उभं राहणं यात फरक असतो.

मागच्या खेपेला ही गाडी पॉलिशला आली होती, तेव्हा दुकानात माळ्यावर जायचा लोखंडी जिना बसत होता. जिनेवाला कोपऱ्यात उकिडवा बसून ग्राइंडरनं लोखंडी पट्ट्या कापत होता आणि ठिणग्यांचे फवारे पार मधल्या खांबापर्यंत येत होते. ताईंची गाडी त्या खांबाशीच उभी होती, उजवी बाजू जिन्याकडे करून.

"अहो, गाड्यांवर कव्हर टाका," पुसकरीण दोनदा म्हणाली होती.

"टाकतो ना," असं म्हणून तो फोनवर बोलत राहिला होता. एक गिऱ्हाईक फार घोळ घालत होतं. फोन संपला तोवर जिनेवाल्याचं कापून झालं होतं. गाड्यांवर राखाडी धूळ बसली होती. पुसकरनं पाणी मारलं, पुसलं, गाडी आरशासारखी दिसायला लागली. ताई खूश होऊन घेऊन गेल्या.

आता, ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा कण. तो रंगावर पडतो तो नुसता बसत नाही, रुततो. पाण्यानं जात नाही, फडक्यानं जात नाही. पुढं केव्हातरी ओल लागली की गंजतो आणि डोकं वर काढतो. हे पुसकरला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? त्याचं पोटच त्यावर चालत होतं.

काही आठवड्यांनी ताई परत आल्या. चष्म्यांच्या दुकानात बसणारी बाई, बारीकसारीक गोष्ट नजरेतून सुटायची नाही. त्यांनी पर्समधून भिंग काढून दारावर धरलं.

"हे बघा. घामोळं उठल्यासारखं झालंय. कशानं झालं असेल?"

पुसकरनं पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून दारावरून बोटं फिरवली. पिशवीतून कण हाताला बरोबर लागतात. वाळूच्या कागदावरून हात फिरवल्यासारखं वाटलं आणि त्याला जिना आठवला. त्याच क्षणी तोंडातून प्रश्न गेला, "तुमच्या घराजवळ कुठं लोखंडाचं काम चालतं का?"

तो प्रश्न तसा धंद्यातलाच होता. कोणालाही विचारला असता.

"चालतं की. माझ्या दिराचं वर्कशॉप आहे, घराच्या मागेच. गेट, ग्रील, असलं काहीबाही करतात."

"मग झालं तर," पुसकर म्हणाला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढंच बोलला तो, जास्त एक अक्षर नाही. लगेच औषध मारून गाडी साफ करून देतो, असंही म्हणाला. पण ताई म्हणाल्या, आज पुसायची आणि उद्या पुन्हा तेच, त्याला काय अर्थ? आधी मी तिकडे बघते, मग गाडी आणते. आणि गेल्या. जिन्याचं काम झालं त्या दिवशी दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या दोन गाड्यांच्या मालकांना पुसकरनं नंतर स्वतःहून बोलावलं. नवीन औषध आलंय, करून बघू या, असं सांगून फुकट साफ करून दिल्या. त्यांनी उलट आभार मानले. ताईंना मात्र फोन करायला त्याचा हात झाला नाही. त्यांना उत्तर देऊन झालं होतं.

"तुम्ही एवढे गप्प का?" जांभळ्या दाराशी उभ्या ताईंनी आत्ता विचारलं.

"काही नाही. अजून एक हात मारावा लागेल. एकदा मारून सगळं निघत नाही." तो पुन्हा बाटली घेऊन उजव्या दाराशी वाकला. मग न राहवून, मान वर न करता म्हणाला, "घरामागचं काम बंद झालं म्हणायचं?"

"झालं. वर्कशॉपच हललं तिथून."

गाडीतला व्हॅक्यूम थांबला. पुसकरीण मागं सरकत बाहेर आली. कोणाच्या घरातली गोष्ट निघाली की तिला यंत्राचा आवाज सहन होत नसे.

"हललं म्हणजे? दिरांनी हलवलं?"

"हो. बोलाचाली झाली आमची. म्हणजे मीच बोलले. ते कधी बोलतात?" ताईंनी रुमालाची घडी केली, उलगडली. "गाडी माझ्या मिस्टरांची. ते जाऊन दोन वर्षं होतील आता. त्यांचे कपडे मी देऊन टाकले, घड्याळ मुलगा घेऊन गेला. राहिली ही गाडी. आणि रोज सकाळी दार उघडायला जावं तर तिच्या अंगावर हे असं. माझी सहनशक्ती संपली एक दिवस. म्हटलं, तुमच्या भावाचं एवढं एकच उरलं होतं, तेही तुम्ही गंजवलंत."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावला आणि सगळी यंत्रं भरून घेऊन गेले. आता बस डेपोच्या मागे कुठंतरी जागा घेतलीय म्हणे. मी उठायच्या आत जातात, रात्री जेवूनच येतात. एका घरात राहून आमचं बोलणं सासूबाईंमार्फत. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे निरोप निम्मेच पोचतात. परवा मी सांगितलं पाण्याची टाकी भरलीय, तर दिरांना कळलं माझी टाळकी फिरलीय."

पुसकरीण हसली. ताईही हसल्या, पण ते हसू लगेच विझलं.

"तुम्ही बरोबरच केलंत," पुसकरीण म्हणाली. "घरातल्या माणसानंच काळजी नाही घ्यायची तर कोणी घ्यायची? एक ताडपत्री टाकली असती तरी..."

ती बोलता बोलता थांबली. तिची नजर उजव्या दारांवर गेली होती. दुसऱ्या फवाऱ्यानंही तिथं पुन्हा जांभळं उतरायला लागलं होतं. तिनं दाराकडे पाहिलं, मग गाडीला वळसा घालून डावी बाजू बघून आली.

"ताई, घरी गाडी कशी लावता हो तुम्ही?" तिनं अगदी सहज विचारलं.

"भिंतीकडे तोंड करून. का?"

"आणि वर्कशॉप कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"असं होय," पुसकरीण म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून, "अहो, मागच्या नळाला पाणी येत नाहीये. जरा बघता का?"

मागच्या नळाला धो धो पाणी येत होतं. पुसकरणीनं तो मुद्दामच पूर्ण सोडला.

"ते आपल्या जिन्याचं आहे," ती म्हणाली.

पुसकरनं नळ बंद करायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्या आल्या तेव्हापासून."

"आणि तुम्ही त्यांना दिराचं नाव सांगितलंत?"

"मी नाव नाही घेतलं कोणाचं. त्याच म्हणाल्या. मी फक्त..." तो थांबला. स्वतःच्याच कानाला ते ऐकवेना.

"फक्त काय?"

"मग झालं तर, म्हणालो."

पुसकरणीनं नळाखाली हात धरले. साबण नसताना ती ते बराच वेळ धूत राहिली. ती चिडली असती, भांडली असती, तर पुसकरला सोपं गेलं असतं. जिन्याच्या दिवशीचं कव्हर काढून तिनं डोक्यात घातलं असतं तरी चाललं असतं. पण ती नुसती म्हणाली, "मीसुद्धा आत्ता त्या माणसाला नावं ठेवली. तोंड बघितलेलं नाही त्याचं."

"सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल," पुसकर म्हणाला. "त्या चार ठिकाणी बोलतील."

"बोलतील."

"आणि आता सांगून उपयोग काय? तो माणूस तर गेला ना तिथून. जागा घेतली, बस्तान बसवलं असेल."

पुसकरणीनं नळ बंद केला. एकाएकी शांत झालं. तिकडे गाडीवरून पाणी ठिबकत असल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मी नका सांगू म्हणावं, एवढ्यासाठीच ना?"

पुसकर परत आला तेव्हा ताई वाकून उजव्या दाराकडे बघत होत्या. ओघळ खालच्या कडेशी जमून फरशीवर उतरले होते आणि जाळीकडे निघाले होते. त्यानं पाइप उचलला, धार धरली, दार धुतलं. पांढरा रंग वर आला. स्वच्छ, कोरा. एरवी हा क्षण त्याला फार आवडायचा. आज तो त्याच दारावरून पुन्हा पुन्हा धार फिरवत राहिला.

"किती छान निघालं!" ताई म्हणाल्या. "खरंच हो. त्यांना बघून बरं वाटलं असतं."

कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पुसकरनं पाणी बंद केलं.

"ताई, ते तुमच्या दिरांचं नाही."

"काय?"

"लोखंड. ते आमच्या इथलं आहे. मागच्या वेळी तुमची गाडी इथं होती ना, तेव्हा हा जिना करत होते. तिथं बसून कापत होते, आणि गाडी इथं होती. मी कव्हर टाकलं नाही. म्हणून एवढं उजव्या बाजूला आहे. वर्कशॉपमधून आलं असतं तर डावीकडे जास्त असतं."

ताईंनी जिन्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग पुन्हा जिन्याकडे. चष्म्याचा नंबर बदलल्यावर माणूस बघतो तसं.

"तुम्हाला नंतर कळलं हे?"

इथं हो म्हणता आलं असतं. दार उघडंच होतं. पुसकरला ते दिसलं, आणि तो त्या दारातून गेला नाही.

"नाही. त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही भिंग धरलंत तेव्हाच."

तो थांबला. आता येईल, आता त्या बोलतील, वाट्टेल ते बोलतील. त्यासाठी त्यानं मान खाली घालून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर मनातून त्याला जरा हलकंही वाटायला लागलं होतं. दुखरा दात एकदाचा उपटल्यावर वाटतं तसं. बोलून झालं होतं. आता शिव्या खाल्ल्या की संपलं.

पण त्यानं मान वर केली तर ताई चष्मा काढून हातात घेऊन उभ्या होत्या. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा अगदी वेगळा, उघडा दिसत होता. पुसकरणीनं स्टूल आणून त्यांच्या मागे ठेवलं. त्या बसल्या.

"मी तुम्हाला मघाशी सगळं नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना काय बोलले ते."

"ताई, राहू द्या..." पुसकरीण म्हणाली.

"ज्या दिवशी हे गेले ना, त्या दिवशी घरात दोघेच होते. हे आणि दीर. मी दुकानात, सासूबाई लेकीकडे. यांच्या छातीत दुखायला लागलं. मागच्या दारापर्यंत आले होते ते, तिथंच सापडले. भावाला हाक मारायला आले असणार, दुसरं काय? वर्कशॉप दहा पावलांवर. पण मशीन चालू होतं. त्यांना ऐकू आलं नाही."

पुसकरीण त्यांच्या शेजारी फरशीवर उकिडवी बसली.

"दोन वर्षं मी ते ओठांवर आणलं नव्हतं. त्यांनीही नाही. मनातून मला माहीत होतं की यात त्यांचा काही दोष नाही. पण त्या दिवशी त्या ठिपक्यांवरून बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं. म्हटलं, त्या दिवशीही तुमचं मशीनच चालू होतं." ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण हात तसाच दांडीवर राहिला. "म्हणून गेले ते तिथून. गाडीसाठी नाही गेले."

पुसकरला वाटलेला हलकेपणा कुठल्या कुठं गेला. आपल्या पाठीवरचं ओझं उतरवून आपण कुठं ठेवलं, ते त्याला समोर दिसत होतं. हे ओझं त्याचं एकट्याचं होतं तेव्हा निदान लहान होतं.

"इतके दिवस मला वाटायचं, मी बोलले ते वाईट बोलले, पण निमित्त तरी खरं होतं," ताई म्हणाल्या. "तेवढाच आधार होता."

पुसकरणीनं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांनी घेतला आणि न पिता तिलाच परत दिला. मग उठल्या.

"चला."

"कुठं?" पुसकर म्हणाला.

"डेपोच्या मागे. जे मला सांगितलंत ते त्यांना सांगा."

"ताई, गाडी अजून अर्धवट आहे. आता उरलेले कण ओढून घेणाऱ्या पॉलिशच्या मातीनं घासायची, मग वर मेणाचा थर द्यायचा. आत्ता रंग अगदी उघडा आहे."

"असू दे उघडा."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती व्हॅक्यूमची वायर गुंडाळत होती. "जाऊन या," ती म्हणाली. "मी आहे इथं."

गाडी ताईंनीच चालवली. पुसकर शेजारी बसला. ओली पॅन्ट, पायात रबरी बूट, आणि बायकोनं नुकत्याच साफ केलेल्या पायपुसणीवर त्या बुटांचे ठसे. सिग्नलला ताईंचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागच्यानं भोंगा वाजवला.

"मला गाडी येत नव्हती," पुन्हा चालू करताना त्या म्हणाल्या. "हे असताना कधी गरजच पडली नाही. नंतर दिरांनी शिकवली. रविवारी मोकळ्या मैदानावर न्यायचे. शेजारी बसून हँडब्रेक असा घट्ट धरून ठेवायचे, जणू गाडी तेच चालवताहेत. मी ब्रेक दाबला की तेही पाय दाबायचे. एक शब्द ओरडले नाहीत कधी. एकदा मी कुंपणात घातली, तर म्हणाले, कुंपण माझंच आहे, मी सरळ करीन."

पुसकर मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. 'तुम्ही मला ओळखत नाही' इथून सुरुवात करावी की 'माझी चूक झाली' इथून? चूक म्हणजे कव्हर न टाकणं. नंतरचं जे होतं त्याला चूक म्हणता येत नव्हतं, आणि दुसरा शब्द त्याला सापडत नव्हता. डेपो आला. ताईंना पत्ता नीट माहीत नव्हता. त्यांनी काच खाली करून एका पंक्चरवाल्याला विचारलं. त्यानं हातानं दाखवलं.

एकच लांबलचक शेड होती, आणि ती लोखंडाच्या कामवाल्यांनी तुकड्या-तुकड्यांनी वाटून घेतलेली. प्रत्येकाला एक खण. कोणी दारं जोडत होतं, कोणी सळ्या वाकवत होतं, आणि ग्राइंडरचा आवाज असा की छातीत घुमावा. दिरांचा खण अगदी टोकाला होता, निम्मा छपराबाहेर. सामान नीट लावायलाही जागा नव्हती. घरामागच्या शेडमधून उचलून आणलेली यंत्रं एकावर एक रचून ठेवलेली, आणि त्यांच्या समोर, चामड्याचा एप्रन बांधून, एक उंच, वाकलेला माणूस एका गेटवर टेप धरून उभा होता.

ताईंनी गाडी आत घेतली ती थेट त्या खणापर्यंत.

त्यानं मान वळवली. आधी गाडी पाहिली, मग ताईंना. टेप सटकन आत गेली. तो भराभर पुढं आला आणि हात वर करून गाडी थांबवली. चेहऱ्यावर राग नव्हता. घाई होती.

"वहिनी, इथं नको!" आवाजावर आवाज चढवून तो ओरडला. "मागे घ्या. तिकडे लावा, पलीकडे. इथं उडतं."

शेजारच्या खणातला माणूस पाठमोरा बसून कापत होता आणि ठिणग्या अधूनमधून गाडीच्या दिशेनं येत होत्या.

"ते माझं नाही," दीर म्हणाला. "त्यांना बंद करा म्हणता येत नाही."

ताईंनी इंजिन बंद केलं. तिथंच. हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या. गाडी मागे गेली नाही.

गाडी का आली, शेजारी रबरी बूट घातलेला हा कोण, यातलं काही दिराला कळलेलं नव्हतं. त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. आसपास ताडपत्री नव्हती, पुठ्ठा नव्हता. मग त्यानं पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडली, तो गळ्यातून काढला, आणि ज्या बाजूनं ठिणग्या येत होत्या त्या बाजूनं बॉनेटवर पसरला. नीट, कोपरे ओढून.

एप्रन लोखंडाच्या चुऱ्यानं माखलेला होता. पुसकरनं पाहिलं. खाली कोरा, उघडा रंग, वर ही अशी कानस, आणि तो माणूस ती तळहातानं दाबून सारखी करत होता. प्रत्येक हातासरशी ओरखडे पडत असणार. "अहो, अहो..." असं म्हणत पुसकरनं दार उघडलं आणि बाहेर उडी मारली.

दीर थांबला. त्याचा हात एप्रनवरच होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

पुसकर त्या हाताकडे बघत उभा राहिला. रंगाबद्दल जे तोंडात आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"काही नाही," तो म्हणाला. "मला तुमच्याशी बोलायचंय."